एवढी वर्षं चर्चला जाता, मग तुम्ही पास कधी होणार?

थोरला_भाऊ

सगळ्यांना सलाम.

गेल्या रविवारी आमच्या शब्बाथशाळेच्या बाई तापाने झोपल्या, म्हणून पाळकसाहेबांनी पोरं माझ्या गळ्यात घातली. मी मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, वय साठाला टेकलेलं, पोरांपुढे उभं राहायची सवय नाही. पेरणाऱ्याचा दाखला सांगून झाला तरी वीस मिनिटं उरली. म्हटलं, विचारा काय विचारायचं ते. दुसऱ्या बाकावरची आठ वर्षांची एक चिमुरडी उठली.

"आजोबा, तुम्ही कितवीत आहात?"

म्हटलं, माझी शाळा केव्हाच संपली.

"ती नाही. चर्चची."

म्हटलं, मोठ्या माणसांना वर्ग नसतात.

"मग तुम्हाला कळतं कसं, पास झालात का नापास ते?"

पोरं खिदळली, मीही हसलो आणि घंटा वाजवून मोकळा झालो. पण दुपारी जेवताना घास तोंडातच घोळत राहिला.

आमचं घराणं मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या आवारातलं. आजोबा कंपाउंडर, आई नर्स. तान्हेपणी बाप्तिस्मा, १९८१ साली दृढीकरण, म्हणजे कळत्या वयात तोच विश्वास सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल करणं. त्यानंतर रविवार चुकला तो एकदा टायफॉइडमध्ये आणि एकदा मुलगी बघायला गेलो तेव्हा. दारू नाही, तंबाखू नाही. दशमांश पगारातून आधी बाजूला निघायचा, आता पेन्शनमधून निघतो. उपासना संगीतातली निम्मी गीतं पुस्तकाशिवाय येतात. पण खरं सांगायचं तर सोळाव्या वर्षी प्रार्थनेत जे शब्द होते तेच आजही आहेत. तेव्हा निदान घसा तरी दाटून यायचा.

साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते मंडळीपुढे सांगायची वेळ आली की मला घाम फुटतो. दारूतून सुटलेला माणूस उभा राहतो, रडतो, मंडळी हालेलुया म्हणते. माझ्याकडे 'आधी' पण नाही आणि 'नंतर' पण नाही. मी आधी वेळेवर यायचो आणि आताही वेळेवर येतो, ही काय साक्ष झाली?

तर प्रश्न असा: विश्वासात वाढ होते म्हणजे माणसाचं नेमकं काय होतं? आणि ते त्याचं त्याला कळतं का? वचनं पाठवू नका, ती मलाही पाठ आहेत. तुमचं स्वतःचं काय झालं ते लिहा.

नास्तिक_नामू

काका, त्या शाळेचा निकाल विद्यार्थी मेल्यावर लागतो आणि मार्कलिस्ट घेऊन परत कुणी आलेलं नाही. त्या पोरीला माझ्याकडून एक चॉकलेट द्या.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

नवा_जन्म

जय ख्रिस्त अंकल. मी विट्याचा. राग मानू नका, पण मूळ प्रश्नच उलटा आहे. बाळ जन्माला आलंय का ते आधी बघायचं, वजन का वाढत नाही ते मागाहून. बायबलमधल्या निकदेमाला प्रभूने हेच सांगितलं, की आधी नव्याने जन्मावं लागतं, आणि तो तर शास्त्री माणूस होता. मला माझी तारीख माहीत आहे. २०१६ चा ऑगस्ट, शुक्रवारची घरसभा, रात्री पावणेदहा. त्याच्या आधी मी कोण होतो ते आमच्या गल्लीला विचारा. तुमच्याकडे तारीख आहे का?

थोरला_भाऊ

राग कसला. तारीख आहे ती बाप्तिस्म्याची, रजिस्टरात. तेव्हा मी तीन महिन्यांचा होतो आणि आई सांगायची की झोपलो होतो.

नास्तिक_नामू

म्हणजे पहिल्या तासापासूनच. मला तुमच्याबद्दल आपुलकी वाटायला लागलीय.

सातारची_माई

विट्याच्या बाळा, तुझी तारीख खरी आहे, ती तुझ्यापाशी जपून ठेव. पण दुसऱ्याच्या खिशात हात घालून त्याची तारीख शोधू नकोस.

पंडिता रमाबाईंचं बघ. बाप्तिस्मा १८८३ साली, इंग्लंडात. आणि त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला पुढे आठ वर्षं लागली. एवढी विदुषी, संस्कृत मुखोद्गत, तिला आठ वर्षं! त्या आठ वर्षांत ती बाई रिकामी बसली होती का? विधवांसाठीचं शारदा सदन तेवढ्यात उभं राहिलं. म्हणजे काम चालू होतं आणि आतलं यायचं होतं. आणि शेवटच्या दिवसांपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराला जुंपलेली. १९२२ मध्ये ते संपलं आणि बाईही गेल्या.

आमच्या साताऱ्याचं तर विचारूच नका. नारायण वामन टिळक बाप्तिस्मा घेते झाले १८९५ मध्ये. कविता, कीर्तनं, मिशनची नोकरी, नाव, सगळं झालं. आणि १९१७ मध्ये, पंचावन्न उलटून गेल्यावर, मिशन सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडून बसले. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा. दोन वर्षांत वारलेसुद्धा. आमच्या घरी म्हातारी माणसं म्हणायची की टिळकांना साठीकडे झुकताना ख्रिस्त पुन्हा पहिल्यापासून भेटला. हे अर्थात घरातलं बोलणं, पुस्तकातलं नाही.

आणि लक्ष्मीबाई! नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ती झाली नाही. वेगळी राहिली, सोवळं सांभाळलं, पाणी वेगळं. पाच वर्षांनी १९०० साली बाप्तिस्मा. बोटबोटभर सरकत आली ती. आणि नवऱ्याचं 'ख्रिस्तायन', ख्रिस्ताच्या चरित्रावरचं काव्य, अर्धवट राहिलं होतं, ते कुणी पूर्ण केलं? शाळेचं तोंड न पाहिलेल्या हिनेच, आणि त्यातला मोठा भाग हिच्याच हातचा. आता या दोघांत कितवीत कोण ते तुम्हीच ठरवा.

थोरल्या भाऊसाहेब, मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, निवृत्त शिक्षिका. माझं काय झालं ते नंतर लिहिते, आता सून जेवायला हाक मारतेय.

ग्रीक_गणपत

माईंचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला.

वचनं नकोत म्हणालात, मग व्याकरण देतो. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात 'तुमचे रूपांतर होऊ द्या' असं आपण वाचतो, तिथलं मूळ ग्रीक क्रियापद चालू वर्तमानकाळाचं आणि कर्मणी आहे. म्हणजे 'होत राहू द्या', आणि करणारा दुसरा कुणीतरी. तसंच करिंथकरांस पहिल्या पत्रात 'ज्यांचे तारण होत आहे' असे लोक येतात. 'झाले आहे' हेही पौल लिहितो, पण इफिसकरांना. तोच माणूस, दोन्ही काळ. नवा_जन्म यांच्याकडे पहिला काळ आहे, थोरल्या भाऊंकडे दुसरा. भांडण कशाला?

नास्तिक_नामू

गणपतराव, 'करणारा दुसरा कुणीतरी' हे माझ्या बायकोला दाखवतो. घरातली सगळी कामं आमच्याकडे कर्मणी प्रयोगात असतात.

डोळा_काडी

जय ख्रिस्त. मी सावळजकडचा, अडीच एकर द्राक्षबाग. आमच्या गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, त्यामुळे शास्त्र मी जास्त करून बागेतच वाचलंय. योहानाचा पंधरावा अध्याय शहरातले पाळक सांगतात तेव्हा मला थोडं हसू येतं. 'जो फाटा फळ देतो त्याची तो छाटणी करतो', हे वाचून ते एकदम दुःख, आजारपण, संकट इकडं वळतात. बरोबर आहे, पण आमच्याकडं छाटणी वर्षातून दोनदा असते हे त्यांना कुणी सांगत नाही.

माल निघाला की बागेला पंधरा-वीस दिवस विश्रांती. मग एप्रिलात खरड छाटणी. नावाप्रमाणंच खरडून काढतो, ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे (कोंब फुटायच्या जागा) ठेवून सगळं खाली. नवखा माणूस बघायला आला तर म्हणंल, या माणसानं बाग मारली. त्यातनं नव्या काड्या निघतात. त्या हंगामात घड दिसला तर तोसुद्धा काढून टाकायचा. अख्खा उन्हाळा, पावसाळा, नुसती पानं आणि काडी. खत, पाणी, मजुरी सगळं चालू, पैसा एक दिसत नाही.

पण खरी गोम तिथंच आहे. पुढच्या वर्षी घड किती लागणार ते त्या उन्हाळ्यातच ठरतं. छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत डोळ्याच्या आत बारीक घड तयार होतो. बाहेरून काही कळत नाही. काडी फोडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, त्यासाठी आम्ही डोळे तपासायला पाठवतो. त्या दिवसांत ऊन मिळालं नाही, ढगाळ राहिलं, का नत्र जास्त होऊन वेल माजली, तर घड जिरतो. ऑक्टोबरला फळासाठीची दुसरी, गोडी छाटणी केली की घडाच्या जागी बाळी निघते, नुसता वळवळणारा तंतू. आणि मग शेतकरी ऑक्टोबरला शिव्या घालतो. चूक मे महिन्यातली असते.

थोरले भाऊ, तुम्ही म्हणता माझ्यात काही होत नाही. तुम्ही कुठल्या महिन्यात आहात ते मला माहीत नाही. एवढंच विचारतो, वेल माजलेली तर नाही ना? हिरवीगार, उंच, सगळ्यांना दिसणारी. आमच्या बागेत दोन ओळी अशा आहेत. दिसायला सगळ्यात देखण्या आणि घड सगळ्यात कमी.

सांगलीचा_व्यापारी

अवांतर: दादा, यंदा बेदाण्याचा भाव काय राहील असं वाटतं?

डोळा_काडी

व्यापारी आम्हाला विचारतोय, हे नवीनच.

वसईचा_वारा

डोळा_काडी, दंडवत. आमच्याकडे फादरांनी असं प्रवचन दिलं तर लोक मिस्सा संपल्यावर घरी जायचे नाहीत.

मी कॅथलिक, त्यामुळे माझं थोडं वेगळं. थोरल्या भाऊंनी घसा दाटून येण्याबद्दल लिहिलंय तिथे थांबावंसं वाटलं. मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा आमच्या गावात बऱ्याच जणांना धक्का बसला होता. जी बाई जगाला प्रेमाची मूर्ती वाटायची, तिला आत कित्येक दशकं देव जाणवतच नव्हता. प्रार्थनेत कोरडं. आणि तरी रोज पहाटे उठून चॅपेलमध्ये, तिथून रस्त्यावर. घसा दाटणं ही वाढीची खूण असती तर ती बाई पहिलीतच नापास धरावी लागेल.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला उपयोग झाला तो इग्नेशियस लोयोलाच्या जुन्या सवयीचा. हा मूळचा सैनिक. १५२१ साली तोफेचा गोळा पायावर बसला, अंथरुणात पडून राहिला आणि तिथे स्वतःचं मन वाचायला शिकला. त्याच्या संघाचे जेजुइट लोक दिवसातून दोनदा दिवस तपासतात. आज कुठे देवाजवळ होतो, कुठे पाठ फिरवली, एवढंच. मी दोनदा करत नाही, रात्री एकदा करतो, लोकलमध्ये. विरारपर्यंत उभं राहून दुसरं काय करणार. पहिले सहा महिने माझ्या यादीत दुसऱ्यांचीच पापं यायची. साहेब असा वागला, मेहुणा तसा बोलला. एक दिवस हसूच आलं. दिवस माझा आणि पापं सगळी मेहुण्याची! त्या हसण्याला मी माझी वाढ धरतो. पुढे गेलो का ते ठाऊक नाही.

नवा_जन्म

सगळ्यांचा आदर राखून: यात तपासणी, सवयी, व्याकरण, शेती सगळं आलं. आत्म्याचं नाव कुणी घेतलं नाही. माणूस प्रयत्नाने वाढत नाही.

वसईचा_वारा

प्रयत्नाने वाढत नाही हे कबूल. पण खिडकी उघडायला तरी हात लागतोच ना. वारा आपण आणत नाही. (माझ्या आयडीचा संबंध नाही.)

ग्रीक_गणपत

लूथरने १५१७ मध्ये जे ९५ मुद्दे मांडले त्यातला पहिलाच असा, की प्रभूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असा त्याचा अर्थ होता. म्हणजे कृपेवर सगळ्यात जास्त भर देणारा माणूससुद्धा पहिल्या ओळीत 'आयुष्यभर' म्हणतो. एका रात्रीत पावणेदहाला आटोपलं असं म्हणत नाही. नवा_जन्म, चिमटा प्रेमाचा आहे.

नवा_जन्म

प्रेमाचा असला तरी लागला. ठीक आहे. खरं सांगू का? २०१६ नंतर दोन वर्षं मी विमानात होतो. सगळ्यांना पकडून सांगायचो. मग नोकरी गेली, लग्न मोडलं, आणि घरसभेत मला कुणी विचारलं नाही की भाऊ कसा आहेस, कारण मीच सगळ्यांना 'मी आनंदात आहे' अशी सवय लावून ठेवली होती. तारीख आहे माझ्याकडे. तारखेनंतरचं कॅलेंडर कुणी शिकवलं नाही एवढंच. म्हणून या धाग्यावर येतोय रोज.

सातारची_माई

ये रे बाळा, रोज ये.

पाचगणीचं_धुकं

मी ख्रिस्ती नाही, पण थोडं लिहितो. कॉलेजात असताना पाचगणीच्या एशिया प्लॅटूवर शिबिराला गेलो होतो. ते केंद्र १९६८ मध्ये सुरू झालं, मूळ चळवळ फ्रँक बुकमन या ख्रिस्ती धर्मोपदेशकाची, पण तिथे सगळ्या धर्मांचे लोक येतात. सकाळी लवकर उठायचं, वही-पेन घेऊन गप्प बसायचं आणि मनात येईल ते लिहायचं. पडताळायला चार निकष: प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थीपणा, प्रेम. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'थंडी आहे, चहा कधी देणार'. तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'वडिलांच्या पाकिटातून घेतलेले चारशे रुपये'. दोन्ही वाक्यं त्याच वहीत आहेत. पैसे परत करायला पुढे पाच वर्षं लागली.

पेव_हरिपूरचं

आठवडाभर नुसती वाचत होते. एक गोष्ट कुणीच विचारली नाही म्हणून विचारते. काका, तुमचा आयडी. लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा उधळ्या मुलगा सगळ्यांना ठाऊक असतो. थोरला शेतावरून येतो, घरात गाणीबजावणी ऐकतो आणि आत जायला नाही म्हणतो. 'इतकी वर्षं तुमची सेवा करतोय, तुमची आज्ञा कधी मोडली नाही', हे त्याचं बोलणं. तुमची पहिली पोस्ट पुन्हा वाचा. तुम्ही कुणावर रुसून अंगणात उभे आहात?

गंमत म्हणून विचारलं, उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

नास्तिक_नामू

बापरे. पॉपकॉर्न खाली ठेवले.

माळ_आणि_टाळ

मी वारकरी, या धाग्यावर पाहुणा. आमच्याकडे किती वाऱ्या झाल्या हे सांगणारे पुष्कळ भेटतात. माझे आजोबा म्हणायचे, वारी मोजायची असेल तर पायांची मोज, विठोबाला त्यात घेऊ नको. हरिपूरच्या ताईंचा प्रश्न आमच्याही दिंडीतल्या बऱ्याच जणांना विचारण्यासारखा आहे. माझ्यासकट.

थोरला_भाऊ

चार दिवस लिहिलं नाही. हरिपूरच्या ताई, गंमत होती हे मला समजलं, पण बाण लागला तो लागलाच.

मला धाकटा भाऊ आहे. सांगलीत असतो, गावभागात. वडील गेल्यावर मिरजेच्या घरावरून वाद झाला. कुणाचं बरोबर ते इथे लिहित नाही, माझ्या मते माझंच. तो म्हणाला, दादा, तू चर्चमध्ये वडील आहेस, घरात मात्र वकील आहेस. तेव्हापासून बोलणं बंद. अकरा वर्षं झाली. त्याच्या मुलीच्या लग्नाला मंडळीतर्फे भेटवस्तू गेली, त्यावर मंडळीचा पदाधिकारी म्हणून माझी सही होती. मी गेलो नाही.

हे सगळं सोडा. मला झोप येत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेचं पाणी चढत होतं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशाऱ्याची पातळी ४० फूट, धोक्याची ४५. पाणी ५७ वर गेलं. गावभागात किती शिरलं असेल हे सांगायला कुणी नको होतं. मी मिरजेत, कोरड्यात. आयर्विनचा आकडा मोबाइलवर तासातासाला बघत होतो. रात्री दोनला उठून बघितला. त्याच मोबाइलवर त्याचा नंबर होता. लावला नाही. दुसऱ्या दिवशी मंडळीतर्फे पूरग्रस्तांसाठी चपात्या गोळा केल्या, सहाशे चपात्या मी स्वतः मोजल्या. फोटो आला होता चर्चच्या वार्षिक अंकात.

आणि मी इथे विचारतोय की मला वाढ का जाणवत नाही.

डोळा_काडी, वेल माजलेली आहे.

डोळा_काडी

दादा, तुमच्यावर टोमणा म्हणून लिहिलं नव्हतं. माफी असावी.

कागदपत्र_वकील

भावना बाजूला ठेवून विचारतो. वाटणीपत्र नोंदणीकृत झालंय का? मालमत्ता वडिलांची स्वकष्टार्जित होती का वडिलोपार्जित? मृत्युपत्र होतं का? क्षमा करायच्या भरात हक्कसोडपत्र करू नका. मी असे तीन जण बघितलेत. प्रार्थनासभेतून थेट दुय्यम निबंधकाकडे गेले आणि सहा महिन्यांनी माझ्याकडे आले.

पेव_हरिपूरचं

वकीलसाहेब, थोडी कळ काढा की.

कागदपत्र_वकील

कळ काढली म्हणूनच अकरा वर्षं झाली ना.

सातारची_माई

भांडू नका. भाऊसाहेब, आता माझं लिहिते, तेव्हा राहिलं होतं.

पंचवीस वर्षं मी शाळेत मूल्यशिक्षण शिकवलं आणि घरी सासूशी धड बोलले नाही. सासूबाई शेवटची चार वर्षं अंथरुणावर होत्या. मी सगळं केलं. आंघोळ, भरवणं, बेडपॅन. एकही गोष्ट चुकली नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, सून असावी तर अशी. पण मी ते दात आवळून करायचे. तिसऱ्या वर्षी कधीतरी, त्यांचे केस विंचरताना त्या म्हणाल्या, "तू माझ्यावर रागावलेली असतेस तेव्हा फणी जोरात फिरवतेस." मी गप्प. त्या म्हणाल्या, "आज हळू फिरवलीस." बस, एवढंच. ना प्रार्थना, ना दर्शन. मला तर ठाऊकही नव्हतं की मी हळू फिरवली. ते त्यांना कळलं, कारण डोकं त्यांचं होतं.

म्हणून मला वाटतं, त्या पोरीला सांगायचं, की बाई गं, आमची मार्कलिस्ट आमच्याकडे नसते. ज्याचे केस विंचरतो त्याच्याकडे असते.

नास्तिक_नामू

माई, हे वाचून मी दहा मिनिटं काही टाइप केलं नाही. माझा रेकॉर्ड मोडला.

काका, मी देव मानत नाही, त्यामुळे माझ्या सल्ल्याला वचनाचा आधार नाही. पण माझाही एक भाऊ होता. 'होता' लिहिलंय ते बघा. जाऊन या.

नवा_जन्म

अंकल, प्रार्थना करतो. तारखेचं जे बोललो त्याबद्दल सॉरी.

संपादक

धाग्यावर धर्मांतराबद्दल आलेले दोन प्रतिसाद विषयाला सोडून असल्यामुळे काढले आहेत. बेदाण्याच्या भावाचे सात प्रतिसाद शेतीच्या धाग्यावर हलवले आहेत. चर्चा चालू द्या.

सांगलीचा_व्यापारी

सातच होते का? मला वाटलं जास्त होते.

थोरला_भाऊ

धागा वर काढतोय, दोन महिने झाले. पुनरुत्थानाचा सण होऊन गेला, मध्ये पुष्कळांनी व्यक्तिगत निरोप पाठवले. उत्तरं दिली नाहीत त्याबद्दल क्षमस्व.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी गेलो. आमच्याकडे त्या संध्याकाळी प्रभुभोजन असतं आणि प्याला मला धरावा लागतो. यंदा हात उचलेना. दुपारी सिटी बस धरून सांगलीला गेलो. वाटेत काय बोलायचं ते तीनदा ठरवलं. दार त्यानेच उघडलं. केस पार पांढरे झालेत त्याचे, माझ्यापेक्षा जास्त. तो काही बोलला नाही, बाजूला झाला, म्हणजे आत या. वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, पाणी आणलं आणि आत निघून गेली.

मी ठरवलेलं एकही वाक्य आलं नाही. म्हटलं, "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" त्याला लगेच कळलं कुठलं ते. उठून भिंतीपाशी गेला. रंग दिला आहे, पण एका पट्ट्यावर दिलेला नाही, तिथे पेन्सिलीची रेघ आणि तारीख. छातीएवढी. म्हणाला, "इथपर्यंत." मग आतल्या खोलीतली रेघ दाखवली, मग २०२१ ची, ती खाली आहे. फ्रिज कसा तरंगला ते सांगितलं. आईचं बायबल माळ्यावर टाकलं म्हणून वाचलं, ते आणून दाखवलं. अर्धा तास आम्ही पुराशिवाय काही बोललो नाही. निघताना मी म्हटलं, "मी तेव्हा आकडा बघत होतो." तो म्हणाला, "मला वाटलंच होतं."

घराचा विषय निघाला नाही. वकीलसाहेब, कशावरही सही केलेली नाही.

संध्याकाळी प्याला धरला. घसा दाटून आला नाही. हात थोडा हलत होता, ते वयाचंही असेल.

पेव_हरिपूरचं

काका.

वसईचा_वारा

'मला वाटलंच होतं.' हे वाक्य आता विरारपर्यंत पुरेल.

सातारची_माई

पुन्हा कधी जाणार आहात?

थोरला_भाऊ

माई, बुधवारी. त्याच्या गुडघ्याचा एक्सरे काढायचाय, बरोबर कुणीतरी हवं म्हणाला. म्हणजे त्याची बायको म्हणाली.

ग्रीक_गणपत

आणि त्या आठ वर्षांच्या परीक्षकबाईंना काय उत्तर दिलंत?

थोरला_भाऊ

गेल्या रविवारी मुद्दाम गेलो शब्बाथशाळेत. म्हटलं, तू विचारलं होतंस ना, मी कितवीत. तिला आठवेना. मी आठवण करून दिली, म्हटलं, बहुतेक पहिलीत आहे. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मग तुमची उंची कशी मोजतात? आमच्या घरी दारावर रेघा मारतात."

डोळा_काडी

आमची खरड छाटणी उरकली. बाग सगळी बोडकी दिसतेय. ज्यांना बघायची असेल त्यांनी आत्ता या, ऑक्टोबरनंतर सगळेच येतात. भाकरी-पिठलं माझ्याकडं.

सांगलीचा_व्यापारी

मी येतो. भावाचं तिथेच बोलू.

नास्तिक_नामू

कुठल्या भावाचं ते स्पष्ट करा, या धाग्यावर गोंधळ होतो.